खाऱ्या वाळूतले भाऊजी

मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरात लग्नाच्या पंगतीला पाण्याचा पेला घरून घेऊन येणारा एकच माणूस होता, आणि तो माझ्या बहिणीचा नवरा होता. स्टीलचा पेला, पांढऱ्या रुमालात गुंडाळलेला. पंगतीत बसायचे, वरणात चमचा फिरवायचे, वाढणाऱ्याच्या अंगठ्याकडे बघायचे आणि मला कोपरानं ढोसून म्हणायचे, "पाह्यलं? अंगठा पुरा वरणात बुडाला. आता हे मी खाऊ?" ते खायचे नाहीत, आणि मग माझ्याच्यानंही खाववायचं नाही. अशी कितीतरी लग्नं त्यांच्या शेजारी बसल्यामुळे माझी उपाशी गेली.

भाऊजी दातांचे डॉक्टर होते. बाजाराच्या रस्त्यावर 'दंत चिकित्सालय' अशी हिंदी पाटी, तिच्यावर त्यांचं नाव, आत एक खुर्ची, एक नळ आणि साबणाच्या तीन वड्या. आमच्या या भागात दाताचा डॉक्टर म्हणजे आयुष्यभर खर्ऱ्यात हात घालणं. तंबाखू, सुपारी, चुना रगडून केलेला तो काळा लगदा गालात धरूनच माणसं खुर्चीवर बसायची. भाऊजी विचारायचे, "दुखते कुठं?" तो बोटानं दाखवायचा. भाऊजी म्हणायचे, "आधी ते थूक, मंग दाखव." तो खिडकीतून बाहेर थुंकायला गेला की भाऊजी ओरडायचे, "अबे, भितीवर नको! भितीनं काय केलं तुहं?" दवाखान्याच्या मागची भिंत तरीही खालून कमरेपर्यंत लाल होती. दर दिवाळीला ते तिला चुना मारायचे आणि पाडव्यापर्यंत ती पुन्हा लाल व्हायची.

माणसाविषयी त्यांना प्रेम होतं की नाही, हे मला कधी कळलं नाही. किळस मात्र होती, आणि ती ते लपवत नसत. "माणूस तोंडापासून सडते," असं ते म्हणायचे. पण रोगी खुर्चीत पडला, तोंड उघडलं, दिवा लागला की त्यांच्या चेहऱ्यावरची सगळी आठी निघून जायची. तेव्हा ते फक्त बघायचे. कितीही घाण वास असो, नाक मुरडलेलं मी पाहिलं नाही. नाक मुरडायचे ते रोगी गेल्यावर. नळ सोडायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे, बोटं हुंगायचे, पुन्हा धुवायचे. बाई, म्हणजे माझी मोठी बहीण, म्हणायची, "एक दिवस याइचे हात धुऊनधुऊन झिजून जातीन."

भाऊजींची मुलगी मंजू कोकणात एका बंदराच्या गावी दिली होती. जावई बंदरातच नोकरीला. साठी उलटल्यावर भाऊजींनी दवाखाना सकाळपुरता ठेवला आणि हिवाळ्यात महिना-दीड महिना बाई त्यांना घेऊन मंजूकडे जायला लागली. तिथे त्यांचं एकच काम. घरात बसून राहायचं. समुद्रावर जा म्हटलं की म्हणायचे, "त्या पान्यात सारा गाव पाय धुते. मी नाई येत." शुगर वाढली होती, चालणं भाग होतं. शेवटी जावयानं युक्ती केली. वाळूत हरवलेलं सोनंनाणं शोधायचं मेटल डिटेक्टर मशीन आणून त्यांच्या हातात दिलं. लांब दांडी, खाली ताटाएवढं चक्र, कानाला हेडफोन. "बाबा, ही घेऊन नुसतं चालायचं. वाजलं तर खणायचं, नाही वाजलं तर चालायचं."

भाऊजी गेले, ते बहुधा जावयाचं मन राखायला. त्या नाताळच्या सुट्टीत मीही बाईसोबत तिथे होतो, म्हणून पहिल्या दिवसाचा तमाशा मी डोळ्यांनी पाहिला. कोरड्या वाळूत मशीन शहाण्यासारखं वागलं. ओल्या वाळूत पाऊल टाकलं आणि ते जे किंचाळायला लागलं, ते थांबेचना. लाट आली की ओरडायचं, लाट गेली की ओरडायचं. भाऊजींनी दोन-चार ठिकाणी गुडघाभर खणलं. हाती फक्त पाणी. हेडफोन काढून फेकले. "खोटारडं हाय हे! पाहा, काहीच नाई अन् बोंबलून राहिलं!"

जावयानं समजावलं की मशीन खोटं नाही, समुद्रच खारा आहे. मिठाच्या पाण्यातून वीज वाहते, म्हणून मशीनला सगळीकडे धातूच आहे असं वाटतं. त्याचा आवाज कमी करावा लागतो, दांडी हळू फिरवावी लागते, आणि लाट परतली की मगच ऐकावं लागतं. भाऊजींना हे पटलं. पटलं म्हणजे असं की दुसऱ्या दिवशी ओहोटीची वेळ विचारून ते स्वतःच निघाले. हातात दवाखान्यातले रबरी मोजे. पुढच्या वर्षी ते जुनं मशीन परत करून त्यांनी समुद्रावर चालणारंच दुसरं आणलं, आणि रोज परत आल्यावर त्याला गोड्या पाण्यानं आंघोळ घालायला लागले. नातवाच्या आधी मशीनला आंघोळ, म्हणून मंजू चिडायची.

आता मला विचाराल तर त्या वाळूत काय निघायचं? घाण. बिअरच्या बाटल्यांची झाकणं, चॉकलेटच्या चांद्या, गंजलेले खिळे, मासेमारीचे गळ, केसांच्या चिमट्यांना गुंतलेले केसांचे पुंजके, कुणाच्या लेकराच्या लंगोटाची वाळूनं भरलेली घडी आणि तिच्यात अडकलेली सेफ्टीपिन. मी एक दिवस सोबत गेलो आणि न राहवून विचारलं, "भाऊजी, हे कायले काढता? जे नाई पाह्यजे ते सोडून द्या ना."

"सोडता येत नाई," ते म्हणाले. "सोन्याची पातळ अंगठी अन् चॉकलेटची चांदी, मशीन दोघाईले सारखीच वाजते. सोनं पाह्यजे तर सारी घाण उपसा लागते." आणि उपसलेलं ते परत टाकायचे नाहीत. कमरेला पिशवी बांधलेली असायची, ती भरली की कचऱ्याच्या डब्यात रिकामी करायची. येणारे-जाणारे विचारायचे, "काका, सोनं मिळालं का?" भाऊजी मोजे घातलेला हात पुढे करायचे. त्यात ते केसांचे पुंजके. विचारणारा पळायचा.

बाईला या सगळ्याची वेगळीच किळस होती. घाणीचं तिला काही वाटत नव्हतं, ती शेतातल्या घरात वाढलेली. तिला भीती सोन्याची. समुद्रात अस्थी सोडतात, बुडून माणसं मरतात. "कोनाच्या मयताचं असन, माह्या घरात नको." भाऊजींना सापडलेली नाणी, पैंजणाचे तुकडे, सगळं मंजूच्या अंगणात बाहेरच्या कोनाड्यात राहायचं.

एकदा खरंच अंगठी सापडली. जाड, सोन्याची, बायकी बोटाची. भाऊजींनी किनाऱ्यावरच्या शहाळेवाल्याला सांगून ठेवलं की कोणी शोधत आलं तर पाठव. हीच त्यांची चूक. दोन दिवसांत घराच्या फाटकाशी माणसं यायला लागली. एक नवरा-बायको आली. बायकोनं डोळ्यांना पदर लावलेला. सासूची आठवण होती म्हणे. भाऊजींनी विचारलं, "आतमधी काय कोरलं हाय?" नवरा म्हणाला, माझं नाव. बायको त्याच वेळी म्हणाली, काही नाही. दोघं एकमेकांकडे बघून हसले. लाज नव्हतीच, पकडलं गेल्याची गंमत होती. मग एक जण आला, त्याची म्हणे वहिनीची. मग आणखी एक, हा तर दमच देऊन गेला. आत खरं काय कोरलंय ते कुणालाच सांगता आलं नाही. भाऊजींनी अंगठी पोलिस चौकीत नेऊन दिली आणि घरी येऊन अंगावरचे कपडे धुवायला टाकले.

"खर्ऱ्याचं तोंड बरं," ते म्हणाले. "निदान त्यातली घाण दिसते तरी."

यानंतर ते मशीन सोडतील असं मला वाटलं. पण चारच दिवसांनी ते ओहोटीच्या वेळेला कातळाजवळच्या खळग्यातून एक वस्तू घेऊन आले आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. मंजू किंचाळलीच. कवळी होती. धातूच्या पट्टीवर बसवलेले खालचे पाच दात, दोन्ही बाजूंना तारेचे आकडे, फटीत वाळू. मी ताटावरून उठलो. भाऊजींना मात्र काहीच वाटलं नाही. त्यांनी ती उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली, आकड्यावरून बोट फिरवलं. पंगतीत वाढणाऱ्याचा अंगठा बघून न जेवणारा माणूस कुणाच्या तरी तोंडातून पडलेले दात हातात घेऊन बसला होता.

"चांगलं काम हाय," ते म्हणाले. "नवी हाय. कोनाचं तरी जेवन बंद पडलं असन, बाप्पा."

सोन्याच्या अंगठीला इतके मालक निघाले. कवळीला एकही नाही. शहाळेवाल्याला सांगितलं तर तो हसत सुटला. मग भाऊजी गावातल्या न्हाव्याकडे गेले आणि त्याला कवळीविषयी काहीच बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "इतक्यात तोंडावर पदर नाहीतर रुमाल धरून बोलनारं कोनी म्हातारं मानूस पाह्यलं का?"

न्हावी विचार करून म्हणाला, "शेवडे आजी. देवळात भजन म्हणायच्या. महिना झाला, येतच नाहीत. तब्येत बरी नाही म्हणतात."

मी भाऊजींसोबत गेलो. कौलारू घर, पुढे पडवी. आजी एकट्याच राहायच्या. पदर तोंडाशी धरून त्या दारात आल्या. भाऊजींनी खिशातून डबी काढली. आजींनी आत बघितलं आणि मान हलवली. "माझी नाही ती."

"बरं," भाऊजी म्हणाले. "मी दातांचा डॉक्टर हाय, आजी. लांबून आलो, मध्य प्रदेशातून. ही गरम पान्यानं धुतली, औषधात ठेवली. तुमची नसली तर नसो. पन एकडाव लावून पाहा. आमी तिकडं तोंड करून बसतो."

आणि खरोखर आम्ही दोघं अंगणाकडे तोंड करून, पाठमोरे बसलो. मग मागून हळूच "विठ्ठल" असं ऐकू आलं. मग पुन्हा एकदा, स्वच्छ. 'ठ्ठ' अगदी ठसठशीत. भाऊजी वळले नाहीत. "डाव्या बाजूनं ढिली वाटते का?" त्यांनी अंगणाकडेच बघत विचारलं.

"थोडीशी," आजी म्हणाल्या.

मग भाऊजींनी खिशातून बारीक पक्कड काढली, आकडा आवळून दिला, पुन्हा लावायला लावली. तेव्हा आजींनी सांगितलं, महिन्यापूर्वी त्या समुद्रात गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, शिंक आली, त्याच वेळी लाट आली. लोकांना काय सांगणार, शिंकेत दात गेले? म्हणून त्या घरात बसल्या होत्या. पेज पिऊन. त्यांनी आम्हाला कोकमाचं सरबत दिलं, त्यांच्याच घरच्या जुन्या, काठ झिजलेल्या पेल्यात. भाऊजींनी पेल्याकडे बघितलंही नाही. घटाघटा पिऊन टाकलं. मी बाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "खोटं नको बोलू."

ही गोष्ट आमच्याकडे सौंसर-पांढुर्ण्यात पोचली, पण दात वाटेतच गळाले आणि फक्त सोनं पोचलं. डॉक्टरकडे सोनं शोधायची मशीन आहे. झालं. भाऊजींनी मशीन सोबत आणलं होतं, दुरुस्तीला नागपूरला न्यायचं म्हणून. दवाखान्यात रोगी कमी आणि गुप्तधनवाले जास्त यायला लागले. कुणाच्या आज्यानं विहिरीजवळ हंडा पुरलेला, कुणाच्या स्वप्नात साप आलेला. एक जण तर लिंबू आणि काळी कोंबडी घेऊनच आला. भाऊजींनी त्याला सांगितलं, "तोंड उघड." तपासलं, दोन दाढा किडलेल्या निघाल्या, त्या काढून दिल्या आणि कोंबडी परत पाठवली.

माझा चुलतभाऊ मधुदादा मात्र हुशार. रामाकोन्याकडे त्याचा संत्र्याचा बगीचा, मोठा व्यवहार, गाडी. तो गुप्तधनाचं बोलला नाही. म्हणाला, "भाऊजी, तुमच्या भाचसुनेची नथ पडली नदीत. कपडे धुवाले गेल्ती. रडून राहिली बिचारी." भाऊजी कपाळाला आठ्या घालून तयार झाले. मीही गाडीत बसलो.

दुपारची वेळ. त्याच्या बगीच्यातून, फळांनी वाकलेल्या झाडांमधून आम्ही कन्हान नदीच्या काठाला उतरलो. पाणी कमी, मधे वाळूचा लांब पट्टा. "इथंच," मधुदादा म्हणाला. भाऊजींनी हेडफोन चढवले. इथं मीठ नाही, त्यामुळे मशीन शांत. दहा पावलांवर वाजलं. खुरप्यानं उकरलं तर जळका खिळा. पुन्हा वाजलं, पुन्हा खिळा. मग काळी पडलेली तार. वाळूही काळपट होती. मी विचारलं, "दादा, इथं कोन कपडे धुते?" त्यानं बोटानं पुढची जागा दाखवली.

तिसऱ्या की चौथ्या वेळी भाऊजींनी खुरप्यावरची वाळू हातावर घेतली आणि बोटानं पसरली. मग त्यांचा हात थांबला. मधोमध एक छोटी, तडकलेली, राखाडी वस्तू होती. मला खडा वाटला. भाऊजींना खडा वाटणं शक्यच नव्हतं.

"दाढ हाय," ते म्हणाले. "मानसाची."

त्यांनी मान वर करून नदीच्या वरच्या अंगाला बघितलं, आणि मीही. वळणापलीकडे पिंपळाचा शेंडा दिसत होता. तो स्मशानघाटावरचा पिंपळ. आम्ही बगीच्यातून, उलट्या बाजूनं आलो होतो म्हणून ध्यानात आलं नव्हतं. वर जाळतात, राख सावडून पाण्यात सोडतात, आणि पुरात ती वाहून या पट्ट्यावर बसते.

मधुदादा हसला. गालात खर्रा होता, तो एका बाजूला करून म्हणाला, "आता ध्यानात आलंच तर सांगतो. मयताच्या तोंडात सोन्याचा मनी ठेवतेत का नाई? आपल्याइकडं पिढ्यान् पिढ्या ठेवून राहिले. ते सारं जाते कुठं? इथंच. मेलेल्याले काय कराचं हाय सोन्याचं? निम्मं तुमचं." आणि तो वाळूत थुंकला.

माझ्या आईला त्याच घाटावर नेलं होतं. तिच्या तोंडात मणी मीच ठेवला होता. मधुदादा तेव्हा खांदा द्यायला होता, माझ्या मागेच उभा होता.

भाऊजी उठले, काठाशी गेले, वाकले आणि ओकले. दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून, पोटात काही राहिलं नाही तोवर ओकत राहिले. मग तोंड धुतलं, आणि ती दाढ वाहत्या पाण्यात सोडली. परत आले तेव्हा डोळे लाल होते.

"मधुकर," ते म्हणाले. एरवी ते त्याला मधुभाऊ म्हणायचे. "उभी जिंदगी मी लोकाइच्या तोंडात हात घातला. पू पाह्यला, किडे पाह्यले. कधी ओकलो नाई. तुह्या तोंडातून जे निघालं ना, त्यानं ओकलो."

ते गाडीत बसले नाहीत. मशीन खांद्यावर टाकून डांबरी सडकेनं चालत निघाले, आणि त्यांच्यामागे मी.

बाईला मीच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं, आणि आईच्या फोटोसमोर बसली. मधुदादाच्या घरचं पाणी ती त्यानंतर प्याली नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण मधुदादाला आधी बोलायची घाई होती. आठवड्याभरात बाजारात उलटंच ऐकू यायला लागलं. डॉक्टर राखेतून सोनं काढते. डॉक्टरच्या मशीनला मयताचं सोनं कळते. लोकांना दुसरी बाजू ऐकायचीच नव्हती. मी पांढुर्ण्यात शाळेत शिकवतो, तिथं माझ्या सहकाऱ्यानं मला डोळा मारून विचारलं, "तुमचा हिस्सा किती?" ज्यांच्या दाढा भाऊजींनी काढल्या, ज्यांच्या म्हाताऱ्यांना कवळ्या बसवून दिल्या, ती माणसं दवाखान्यासमोरून जाताना नाकाला रुमाल लावायला लागली. आणि जो तो येऊन हळूच विचारायचा तेही सांगतो. "खरंच निघते का हो?" तोंडानं थू थू करायचे आणि डोळ्यात हाव. मला या दोन्हींपैकी जास्त किळस कशाची आली ते अजून ठरवता येत नाही.

एके सकाळी भाऊजी दवाखाना उघडायला गेले तर पाटीवर खर्ऱ्याची पिचकारी होती. भिंतीवरची त्यांना सवय होती. पाटीवरची पहिल्यांदाच. माझ्या नावावर थुंकले, असं ते म्हणाले नाहीत. बादली आणली, पाटी धुतली, उतरवली, आत ठेवली, कुलूप लावलं. त्या महिन्यात बाई आणि ते कायमचे मंजूकडे गेले. खुर्ची पांढुर्ण्याच्या एका नव्या डॉक्टरीणबाईंनी नेली. गाडीत बसवायला मी स्टेशनवर गेलो होतो. "भाऊजी, लोक इसरून जातीन," मी म्हणालो.

"लोक इसरतीन," ते म्हणाले. "मी काय करू?"

पुढच्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो. चार दिवस राहिलो. ते मशीन घेऊन जायचे, यायचे, कमी बोलायचे. सौंसरचं त्यांनी काही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. निघायच्या दिवशी सकाळी माझ्या बसची वेळ झाली तरी ते परतले नव्हते. बाई मला बसपर्यंत सोडायला रिक्षात बसली, आणि रिक्षा किनाऱ्याच्या रस्त्यावरून निघाली तेव्हा ते दिसले.

सुट्टीचा दुसरा दिवस होता. रात्री कुठलीशी सहल तिथे बसून दारू पिऊन बाटल्या फोडून गेली होती. वाळूभर हिरवे-तपकिरी तुकडे चमकत होते. काचेला मशीन वाजत नाही. भाऊजींनी ते वाळूत उभं रोवून ठेवलं होतं, आणि ते उकिडवे बसून नुसत्या डोळ्यांनी एकेक तुकडा वेचत होते. थोड्या अंतरावर एका घरची लहान लेकरं अनवाणी पाण्याकडे धावायला निघाली होती. भाऊजी आडवे हात करून त्यांच्यावर ओरडत होते, "तिकडंच थांबा! अबे, थांबा म्हणून राहिलो ना!" लेकरांची आई रागानं काहीतरी बोलत होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. पुन्हा खाली वाकले.

मी रिक्षा थांबवायला सांगणार होतो. बाई म्हणाली, "नको. हाक देल्ली तं उठतीन. पोरं पुढं येतीन."

मी हाक मारली नाही. त्यानंतरच्या पावसाळ्यात ते गेले.